भिंतीवरचे नाव



कुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तांबडी माती येते आणि कानांत हलगी वाजू लागते. आज मात्र मी तुम्हाला एका निराळ्या कुस्तीला घेऊन जाणार आहे. तिथे माती नाही, हलगी नाही आणि कडेला उभा राहून डाव सांगणारा वस्तादही नाही. चार खांब, त्यांना ताणलेले दोर, मध्ये जाड कापड घातलेला फळ्यांचा चौथरा आणि शेजारी एक घंटा, एवढाच काय तो सरंजाम.

इंग्लंडमधल्या एखाद्या मध्यम गावाची कल्पना करा. साल १९६० च्या आसपासचे, दिवस हिवाळ्याचे. अशा दिवसांत पोहायला कोण जाणार? म्हणून नगरपालिका आपल्या पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकते, वर खुर्च्या मांडते आणि ते सभागृह भाड्याने देते. दिवसभर कारखान्यात राबलेली माणसे कुटुंबासह आली आहेत. पुढच्या रांगेत दोन आजीबाई आहेत. एरवी मुंगीलाही न दुखवणाऱ्या या बायका, पण दुष्ट मल्ल दोराजवळ आला की त्याच्या पाठीत छत्री हाणायला त्या कमी करणार नाहीत. तुम्हीही त्यांच्या शेजारी बसला आहात. आठवडाभर गावातल्या भिंतींवर एक भलेमोठे पत्रक झळकत होते. त्यावर ठळक अक्षरांत एका नामांकित मल्लाचे नाव होते आणि त्या नावासाठी तुम्ही तिकीट काढले आहे.

इतक्यात काळा कोट घातलेला निवेदक रिंगणात येतो. "सभ्य स्त्रीपुरुषहो, कळवायला खेद वाटतो की आपल्या आवडत्या मल्लाची मोटार वाटेत बिघडली आहे. त्यांच्या जागी आज..." झालं! सभागृहभर एक नाराजीचा सूर उठतो. पैसे परत मागावेत, तर पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलेच असते, 'कार्यक्रमात आयत्या वेळी बदल होऊ शकेल.' आमच्या अध्यापनाच्या धंद्यात एकाऐवजी दुसरा प्राध्यापक उभा राहिला, किंवा कुणीच उभा राहिला नाही, तर विद्यार्थी मनातून खूशच असतात. पण पदरचे पैसे मोडून आलेल्या प्रेक्षकाचे तसे नसते.

आणि आतली गोष्ट काय? मोटार बिघडलेली नसते, कारण ती निघालेलीच नसते. त्या नामांकित मल्लाला या कार्यक्रमाचे आमंत्रणच गेलेले नसते. त्याच घटकेला तो शंभर मैलांवरच्या दुसऱ्या एखाद्या सभागृहात घाम गाळत असतो.

असे पत्रक काढणारा, कुस्त्या भरवणारा किरकोळ ठेकेदार हा आजचा आपला विषय. इंग्रजीत त्याला 'प्रमोटर' म्हणतात. ब्रिटनमधल्या व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासात हा माणूस पुन:पुन्हा भेटतो. तो मोठा गुन्हेगार नव्हे, दरोडेखोर तर नव्हेच. पण त्याची लबाडी नेमकी कुठे होती हे नीट पाहण्यासारखे आहे. आपण ती जिथे शोधू तिथे ती सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, "अहो, ती कुस्तीच मुळी खोटी! मग तिच्या ठेकेदाराकडून खरेपणाची अपेक्षा कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे आधी ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा' म्हणतात, आणि नुरा ओळखू आली की मैदान हुर्यो उडवते. ब्रिटनमधल्या त्या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असे, ही गोष्टही आता गुपित राहिलेली नाही. जॅकी पॅलो नावाच्या गाजलेल्या मल्लाने १९८५ साली आपल्या आत्मकथनात ती उघडपणे सांगून टाकली. पण प्रेक्षकांना ते अगोदर कळत नव्हते असे मात्र समजू नका. तमाशाच्या वगातला राजा खरा राजा नाही हे आपल्याला ठाऊक असते, तरी त्याच्यावर संकट आले की आपला जीव वरखाली होतोच की नाही? तसेच काहीसे ते होते. ठरलेल्या निकालाबद्दल प्रेक्षकाने फारशी तक्रार केली नाही. तोल, ताकद, आपटी खाण्याचे कसब, या गोष्टी तर खऱ्याच होत्या. त्याची अपेक्षा एवढीच होती की भिंतीवर ज्याचे नाव आहे तो माणूस रिंगणात यावा. म्हणजे लबाडी डावपेचांत नव्हती. ती होती भिंतीवरच्या कागदात, आणि पुढे आपण पाहू त्याप्रमाणे, मल्लाच्या हाती पडणाऱ्या पाकिटात.

या धंद्याची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभी आहेत. त्या काळी लंडनच्या नाट्यगृहांतून गाण्यानाचण्याच्या मध्ये कुस्तीचा कार्यक्रम असे. जॉर्ज हॅकनश्मिट नावाचा बलाढ्य मल्ल तेव्हा गाजत होता. त्याची अडचण काय होती, तर तो प्रतिस्पर्ध्याला फार लवकर चीत करी. लोक तिकीट काढून बसताहेत न बसताहेत तोच कुस्ती संपलेली! तेव्हा चार्ल्स कॉक्रन या चतुर व्यवस्थापकाने त्याला समजावले, 'बाबा रे, जरा वेळ लाव. लोक कुस्ती पाहायला येतात.' १९०४ च्या जानेवारीत लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात हॅकनश्मिटची अहमद मद्राली या तुर्की मल्लाशी गाठ पडली. लोकांनी तुडुंब गर्दी केली, आणि मद्रालीचा हात निखळून कुस्ती पुरत्या एका मिनिटातही आटोपली. खरी कुस्ती आणि भरलेले सभागृह यांचे गणित सहसा जुळत नाही, हा धडा ठेकेदारांनी तेव्हापासून मनात पक्का केला.

अशा वातावरणात १९१० साली आपला गामा लंडनला पोचला. आर. बी. बेंजामिन नावाच्या ठेकेदाराने त्याला आणि त्याचा भाऊ इमाम बक्ष याला तिकडे नेले होते. गामा उंचीला बेताचा. त्या कारणावरून त्याला तिथल्या स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. तेव्हा त्याच्या वतीने जाहीर आव्हान दिले गेले की, कोणीही यावे आणि त्याच्यापुढे टिकून दाखवावे. आणि गंमत पाहा, हे आव्हान कोणी मनावरच घेईना! ही ठेकेदाराची नेहमीची थाप आहे असे लोकांनी धरले. खोट्या पत्रकांना सरावलेल्या डोळ्यांना खरे पत्रकही खोटेच दिसले. अखेर अमेरिकेचा डॉक्टर रोलर ऑगस्टमध्ये पुढे आला आणि गामाने त्याला आसमान दाखवले. मग १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची जोड लागली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिला, पण त्याने पाठ काही लागू दिली नाही. कुस्ती १७ तारखेवर गेली. त्या दिवशी लोक आले, गामा आला, पण झिबिस्को आलाच नाही. 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. या झिबिस्कोला लक्षात ठेवा. शेवटी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कुस्तीची ही लाट ओसरली. ती पुन्हा उसळली डिसेंबर १९३० मध्ये. 'ऑल-इन' म्हणजे सर्व डावांना मुभा असलेली कुस्ती अमेरिकेच्या धर्तीवर ब्रिटनमध्ये सुरू झाली. तिचा एक प्रवर्तक होता ॲथॉल ओकली. हा उमराव घराण्यातला आणि स्वत: कुस्ती खेळणारा गृहस्थ. लोकांनी कुस्तीला डोक्यावर घेतले आणि गावोगावी सभागृहे भरू लागली. पण अडचण अशी की, सभागृहे महिन्याभरात दुप्पट होऊ शकतात, पैलवान होत नाहीत. एक मल्ल तयार व्हायला वर्षे लागतात. जाणते मल्ल थोडे आणि मागणी अफाट, तेव्हा किरकोळ ठेकेदारांनी कसबाची उणीव धांगडधिंग्याने भरून काढली. खुर्च्यांनी मारामाऱ्या झाल्या, चिखलातल्या झटापटी झाल्या, बायकांच्या कुस्त्या नुसत्या चाळवण्यासाठी लावल्या गेल्या. शेवटी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या कौंटी कौन्सिलने या प्रकारावर बंदी घातली. चार लबाडांच्या पापाची शिक्षा प्रामाणिक मल्लांनाही भोगावी लागली. त्यांचा लंडनमधला रोजगारच गेला.

दुसरे महायुद्ध संपल्यावर या धंद्याला अब्रू मिळवून देण्याचा एक प्रयत्न झाला. १९४७ साली ॲडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स यांच्या नावाने एक समिती नेमली गेली. हे माउंटइव्हान्स म्हणजे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत दुय्यम नेता असलेले धाडसी दर्यावर्दी. समितीत मॉरिस वेब हे पार्लमेंटचे सभासद होते. बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' कार्यक्रमामुळे घरोघरी पोचलेले कमांडर कॅम्बेल होते. नभोवाणीच्या श्रोत्यांना ही जोड ऐकून मौज वाटेल. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये लढलेला नॉर्मन मॉरेल हा मल्लही होता. समितीने वजनांचे सात गट ठरवले, फेऱ्यांचे व गुणांचे नियम बांधून दिले.

नियम चांगले होते. पण ते नियम होते, कायदा नव्हे. ते पाळलेच पाहिजेत अशी सक्ती कोणावरही नव्हती. ज्याच्याकडे चार फळ्या, एक मालमोटार आणि छापखान्यात थोडीशी उधारी असेल त्याने उद्या उठून कुस्त्या भरवाव्यात, त्याला विचारणारा कोणी नव्हता.

सरकार जिथे हात घालत नाही तिथे बडे व्यापारी हात घालतात. १९५२ साली मोठ्या प्रमोटरांनी एकत्र येऊन 'जॉइंट प्रमोशन्स' ही संघटना स्थापली. लंडनची डेल मार्टिन ही संस्था तिच्यात होती आणि नियम करणाऱ्या समितीतला नॉर्मन मॉरेलही होता. देशाची वाटणी झाली. हा मुलूख तुझा, तो माझा. मल्लांची देवाणघेवाण ठरली. करमणूक कराच्या बोज्याखाली धडपडणारे बरेच किरकोळ लोक या बड्यांपुढे टिकलेच नाहीत. आता एवढे कबूल केले पाहिजे की, या संघटनेमुळे प्रेक्षकाला भिंतीवरचा मल्ल बहुधा पाहायला मिळू लागला आणि मल्लाला आठवड्याचे काम हमखास मिळू लागले. पण त्याची किंमत होती. जो मल्ल बाहेरच्या ठेकेदाराकडे एकदा गेला, त्याला संघटनेची दारे बंद. तिथे बिदागीची घासाघीस करायला वाव नव्हता. कारण घासाघीस करायची तर दुसरा गिऱ्हाईक लागतो, आणि दुसरा गिऱ्हाईकच उरू नये अशी ती व्यवस्था होती. किरकोळ ठेकेदार पाकिटातून चोरायचा. बड्या संघटनेने पाकीटच लहान शिवले, एवढाच फरक!

मग ९ नोव्हेंबर १९५५ रोजी वेस्टहॅमच्या स्नानगृहाच्या सभागृहातून दूरचित्रवाणीवर कुस्ती दाखवली गेली. पुढे १९६५ ते १९८५ या काळात शनिवारी दुपारी चार वाजता कुस्ती पाहणे हा लाखो घरांचा रिवाज होऊन बसला. दूरचित्रवाणीवर दिसणारे मल्ल संघटनेचे. १९५७ साली नाटके आणि खेळ यांच्यावरचा करमणूक कर उठला, तसे बाहेरचे ठेकेदार पुन्हा डोके वर काढू लागले होते. आता त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की, लोकांना पाहिजेत ते चेहरे तर आपल्याकडे नाहीत, मग गल्ला भरायचा कसा?

इथून पुढची त्यांची कल्पकता ऐका. पहिली युक्ती मघाशी तुम्ही अनुभवलीच, ती बिघडलेल्या मोटारीची. दुसरी युक्ती नावाची. गाजलेल्या मल्लाच्या नावात एखादे अक्षर बदलायचे, किंवा आडनाव तेच ठेवून पुढचे नाव दुसरे घ्यायचे. धावत्या बसमधून पत्रक वाचणाऱ्या माणसाला काय कळणार? तिसरी युक्ती मुखवट्याची, आणि ती तर ठेकेदाराला वरदानच. चेहराच झाकला, मग आत कोण आहे हे विचारणारा कोण? केंडो नागासाकी या मुखवटेधारी मल्लाची कीर्ती झाली, तसा त्याच्यावर बेतलेला एक 'किंग केंडो'ही रिंगणात आला. याहून काटकसरी ठेकेदार एकाच माणसाला पहिल्या कुस्तीत उघड्या तोंडाने आणि शेवटच्या कुस्तीत मुखवटा घालून उतरवीत. दोन मल्ल, पण बिदागी एकच! चौथी युक्ती पट्ट्याची. सोनेरी मुलाम्याचा पट्टा करून घ्यायला फारसा खर्च येत नाही. त्यावर 'जगज्जेता' असे कोरले की झाले. कुठल्या जगाचा, हे विचारायचे नाही.

सगळेच बाहेरचे ठेकेदार असे होते असे मात्र मुळीच नव्हे. पॉल लिंकन या ऑस्ट्रेलियन गृहस्थाचेच पाहा. लंडनच्या सोहो भागात 'टू आइज' नावाचे कॉफीगृह तो चालवी. टॉमी स्टील आणि क्लिफ रिचर्ड यांच्यासारखे गायक त्या कॉफीगृहातून पुढे आले. लिंकन स्वत: 'डॉक्टर डेथ' या नावाने मुखवटा घालून कुस्ती खेळे आणि संघटनेच्या बाहेर राहून मोठमोठे कार्यक्रम भरवी. त्याचा पसारा इतका वाढला की १९६० नंतरच्या दशकाच्या मध्याला संघटनेनेच त्याला आपल्यात सामावून घेतले. वेल्समधला ओरिग विल्यम्स किंवा बर्कनहेडचा ब्रायन डिक्सन यांनीही संघटनेबाहेर राहून वर्षानुवर्षे धंदा केला. ज्याला त्याच गावात पुढच्या महिन्यातही यायचे असते त्याला लबाडी परवडत नाही. ती परवडते ती एका रात्रीपुरत्या पाहुण्याला.

आणि या एका रात्रीच्या पाहुण्याने सर्वांत जास्त कोणाला नाडले? प्रेक्षकाचे फार तर तिकिटाचे पैसे गेले. खरा मार बसला तो मल्लाला. तुम्ही क्षणभर त्याच्या जागी उभे राहा. तुम्ही दिवसा कुठे खाणीत, कुठे गोदीत काम करता. संध्याकाळी दूरच्या गावी पोचता, चौथरा उभारायला स्वत: हात लावता. मग त्या कापडाखालच्या फळ्यांवर तुमची पाठ दहा वेळा आपटते. निकाल ठरलेला असतो हे खरे, पण फळीला ते ठाऊक नसते! खांदा दुखावतो, कान सुजतो. शेवटची कुस्ती आटोपून, अंग पुसून पैसे घ्यायला जाता, तो ठेकेदार गल्ल्यासह मध्यंतरातच निघून गेलेला. जाब कोणाला विचारणार? लेखी करार नाही, कामगार संघ नाही. कोर्टात जावे तर वकिलाची फी बिदागीच्या कितीतरी पट. आणि पुन्हा, "तुमची कुस्ती तरी कुठे खरी होती?" या प्रश्नाला उत्तर नाही. धंद्याचे गुपित राखण्याची शपथ मल्लाने मनोमन वाहिलेली, आणि त्या गुपिताच्या आडोशाने ठेकेदार त्याला बुडवीत असे. खोटेपणातला खरा तोटा हा, श्रोतेहो. आपल्या खऱ्या दुखण्याबद्दल बोलण्याची सोयच त्याने ठेवली नाही.

डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवरची ती नेहमीची कुस्ती बंद झाली. संघटनेचा दबदबा आधीच ओसरला होता. मग अमेरिकन कुस्तीची लाट आली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये वेंब्लीच्या मैदानावर तिच्यासाठी प्रचंड गर्दी लोटली. लगोलग जुनी युक्ती नवा वेष घालून परतली. अमेरिकन मल्लांसारखे कपडे, तसेच रंगवलेले चेहरे, पत्रकावर ती नावे ठळक आणि त्यांच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले की हा 'मानवंदनेचा कार्यक्रम' आहे. बापाचे बोट धरून आलेल्या पोराला ती मुंगी कशी दिसावी?

पुढे २०२१ साली ब्रिटिश पार्लमेंटमधल्या सर्वपक्षीय सभासदांच्या एका गटाने या धंद्याची पाहणी करून अहवाल दिला. वर्षभरापूर्वी अनेक मल्लांनी, विशेषत: तरुण मुलींनी, आपल्यावर झालेल्या अन्यायाला जाहीरपणे वाचा फोडली होती. अहवालातला एक मुद्दा तुम्हाला ओळखीचा वाटेल. ही कुस्ती धड खेळात मोडत नाही आणि धड नाटकात मोडत नाही. त्यामुळे तिच्यावर कोणाचीच देखरेख नाही, आणि कुस्त्या भरवायला कोणालाही आडकाठी नाही. म्हणजे माउंटइव्हान्स समितीनंतर सात दशके उलटली, तरी ठेकेदाराला विचारणारा कोण, या प्रश्नावर गाडी तिथेच उभी!

आता झिबिस्कोला दिलेला शब्द पाळतो. १९५० साली 'नाइट अँड द सिटी' नावाचा एक चित्रपट निघाला. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन. कथा जेराल्ड कर्शच्या १९३८ च्या कादंबरीवर बेतलेली. तिचा नायक हॅरी फॅबियन हा लंडनमधला एक किरकोळ, थापाड्या माणूस. कुस्त्यांचा मोठा प्रमोटर होण्याची स्वप्ने पाहणारा. त्याला एक म्हातारा मल्ल भेटतो, ग्रेगोरियस नावाचा. हा म्हातारा जुन्या, अस्सल कुस्तीचा कट्टर अभिमानी. स्वत:चा मुलगा तमाशेवजा कुस्त्यांचा धंदा करतो म्हणून त्याच्यावर रुष्ट झालेला. फॅबियन नेमका त्याच्या या निष्ठेचा फायदा उठवतो. अखेर म्हातारा एका आडदांड मल्लाशी व्यायामशाळेतच झुंजतो, त्याला नमवतो आणि मुलाच्या मिठीत प्राण सोडतो. फॅबियनचा शेवट थेम्सच्या काठी होतो. या म्हाताऱ्याचे काम कोणी केले असेल? स्टॅनिस्लॉस झिबिस्कोने! सत्तरीच्या घरातला, गामापुढे न आलेला तोच झिबिस्को.

तो त्या दिवशी का आला नाही याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. १९२८ साली तो पतियाळाला आला, गामाशी पुन्हा लढला आणि मिनिटाच्या आत हरला. म्हणजे उशिरा का होईना, भिंतीवरच्या आपल्या नावाची लाज त्याने राखली. पण मला राहून राहून आठवण येते ती १९१० च्या त्या प्रेक्षकांची. ठेकेदारांनी त्यांना इतक्या वेळा फसवले होते की जगातला एक श्रेष्ठ मल्ल दारात उभा राहून दंड थोपटीत होता, आणि त्यांना ती थाप वाटली. किरकोळ लबाडीचे खरे नुकसान हेच आहे. ती चार पैसे नेते त्याचे काही नाही; ती खरे ओळखण्याची आपली नजर घेऊन जाते. एवढी भिंत आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला आलेली असते, आणि तिच्यावर आपण आपले नाव लिहिलेले असते. ज्या दिवशी लोक येऊन बसतील त्या दिवशी आपण तिथे असावे, इतकेच.